प्रश्न लेखी, उत्तर शपथेवर

घटस्फोटाच्या दाव्यात समोरच्या पक्षाकडून माहिती आणि कागदपत्रे कशी मिळवावीत, याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : माझ्या पतीने कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज केला असून मी अंतरिम पोटगीसाठी अर्ज दिला आहे. त्यांचा भागीदारीत व्यवसाय आहे. मालमत्तेच्या शपथपत्रात त्यांनी आपले उत्पन्न दरमहा २८,००० रुपये दाखवले आहे. प्रत्यक्षात घराच्या कर्जाचा हप्ताच ४१,००० रुपये आहे आणि तो कधी चुकल्याचे मला आठवत नाही. परदेशात अशा वेळी वकील थेट लेखी प्रश्न पाठवतात आणि त्यांची उत्तरे द्यावीच लागतात, असे वाचले. माझे वकील मात्र "उलटतपासणीत बघू" म्हणतात. आपल्याकडे ही सोय आहे का?

उत्तर : सोय आहे आणि ती जुनी आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ११ हा संपूर्ण याच विषयावर आहे. त्याच्या पहिल्या अकरा नियमांत लेखी प्रश्नावलीची, म्हणजे कोर्टाच्या बोलीत 'इंटरॉगेटरीज'ची, तरतूद आहे. पुढच्या नियमांत कागदपत्रांचे प्रकटीकरण, ती हजर करणे आणि त्यांची पाहणी करणे हे विषय येतात. आपण वाचलेली पद्धत बहुधा अमेरिकेची असावी. तिथल्या फेडरल नियमांत एका पक्षाला साधारणपणे २५ प्रश्न थेट पाठवता येतात आणि उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. घटस्फोट तिथे राज्यांच्या न्यायालयांत चालत असल्याने प्रत्येक राज्याचे नियम पुन्हा वेगळे. आपल्याकडचा मोठा फरक असा की, न्यायालयाच्या परवानगीवाचून प्रश्नावली बजावता येत नाही. योजलेले प्रश्न अर्जासोबत न्यायालयापुढे ठेवावे लागतात, समोरच्या पक्षाचे म्हणणे येते, आणि न्यायाधीश जे प्रश्न मान्य करतील तेवढेच पुढे जातात. अर्ज दाखल झाल्यापासून सात दिवसांत त्यावर निर्णय व्हावा, असे नियम २ सांगतो. प्रत्यक्षात तारखा कशा पडतात हे आपण अनुभवले असेलच, त्यामुळे हे सात दिवस बहुतेक वेळा पुस्तकातच राहतात.

पोटगीच्या बाबतीत आपली बाजू अधिक भक्कम आहे. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी 'रजनेश विरुद्ध नेहा' या निकालात दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र देणे बंधनकारक केले. त्याच निकालात असेही स्पष्ट केले की, शपथपत्रातील मजकुराबद्दल वाद असेल तर नाराज पक्षाला न्यायालयाची परवानगी घेऊन आदेश ११ खाली प्रश्नावली बजावता येईल आणि कागदपत्रांची मागणी करता येईल. आपल्या अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात या निकालाचा उल्लेख यावा. त्यानंतर २८,००० आणि ४१,००० हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत. एवढी विसंगती दाखवली की "ही नुसती चाचपणी आहे" हा नेहमीचा आक्षेप बराचसा बोथट होतो.

आता प्रश्न कसे लिहावेत याकडे वळू, कारण बहुतेक अर्ज इथेच फसतात. माझ्या पाहण्यात आलेल्या प्रश्नावल्यांमध्ये सर्वाधिक वेळा आढळणारा प्रश्न म्हणजे, "तुमचे खरे उत्पन्न किती?" या प्रश्नाला शपथपत्रातलाच आकडा पुन्हा उत्तर म्हणून येतो आणि प्रश्न वाया जातो. ज्याच्या उत्तराचा अर्धा भाग आपल्या हातातील कागदावर आहे आणि उरलेला अर्धा फक्त समोरच्यालाच ठाऊक आहे, तो प्रश्न विचारावा. उदाहरणार्थ : "१ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५ या काळात सदर गृहकर्जाचे हप्ते कोणत्या बँकेतील कोणत्या खात्यांतून भरले गेले, आणि ती खाती कोणाच्या नावे आहेत?" हप्ता भरला गेला हे नाकारता येत नाही, कारण कर्जखात्याचा उतारा आहे, तेव्हा पैसा कुठून आला हे सांगणे भाग पडते. उत्तरात भावाच्या किंवा वडिलांच्या खात्याचे नाव आले, तर पुढचा प्रश्न आपोआप ठरतो : त्या खात्यात ती रक्कम कोणी भरली?

व्यवसाय भागीदारीचा असल्याने आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. भागीदारी संस्था स्वतःच्या नफ्यावर स्वतः कर भरते. त्या नफ्यातील भागीदाराचा हिस्सा, ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नासाठी, १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम १०(२अ) नुसार भागीदाराच्या हाती करमुक्त असतो. परिणामी, वैयक्तिक विवरणपत्रातील करपात्र उत्पन्न खरोखरच कमी दिसू शकते आणि तरीही माणूस सुखाने ४१,००० चा हप्ता भरू शकतो. म्हणून "विवरणपत्र दाखल करा" एवढी मागणी अपुरी पडते. बरेच जण एका पानाची पोचपावती दाखल करून मोकळे होतात. मागणी करताना संपूर्ण विवरणपत्र सर्व परिशिष्टांसह, संस्थेचा ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक, भागीदारीपत्र, आणि भागीदाराच्या भांडवली खात्याचा तीन वर्षांचा उतारा, असे नाव घेऊन मागावे. भांडवली खात्याचा उतारा हा यातला कळीचा कागद आहे, कारण वर्षभरात घरखर्चासाठी केलेली 'उचल' त्यात नोंदलेली असते. उचलीची बेरीज करून बारांनी भागले की महिन्याला घरात किती पैसा येत होता याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. ही बेरीज आपणच करून अर्जाला जोडावी.

"संस्थेची वह्या-पुस्तके माझ्या ताब्यात नाहीत, ती भागीदाराकडे किंवा सीएकडे आहेत," हे उत्तर येईल, असे धरूनच चालावे. आदेश ११ नियम १२ मधील शब्द केवळ 'ताब्यात' असे नाहीत. ज्यांवर पक्षकाराचा अधिकार चालतो असे दस्तऐवजही त्यात येतात. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम १२ नुसार प्रत्येक भागीदाराला संस्थेची वह्या-पुस्तके पाहण्याचा आणि त्यांची नक्कल घेण्याचा हक्क आहे. तेव्हा ज्या कागदाची नक्कल मागितली की मिळते, तो कागद आपल्या अधिकारात नाही असे भागीदाराला सहसा म्हणता येत नाही. हे कलम अर्जात आधीच नमूद केलेले असले, तर एक-दोन तारखा नक्कीच वाचतात.

कागदपत्रांच्या मागणीचे तीन वेगवेगळे मार्ग आहेत आणि अर्जात त्यांची अनेकदा सरमिसळ झालेली दिसते. समोरच्याकडे कोणते कागद आहेत हेच ठाऊक नसेल, तर नियम १२ खाली अर्ज करून त्यांच्याकडून शपथेवर यादी मागावी. त्या शपथपत्रात कोणते कागद हजर करण्यास हरकत आहे आणि का, हेही लिहावे लागते. कागद नेमका कोणता हे ठाऊक असेल, तर नियम १४ खाली तो हजर करण्याचा हुकूम मागावा. दावा प्रलंबित असेपर्यंत हा हुकूम केव्हाही देता येतो. आणि समोरच्याने आपल्याच अर्जात, कैफियतीत (म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) किंवा शपथपत्रात एखाद्या कागदाचा उल्लेख केला असेल, तर परवानगीचीही गरज नाही. नियम १५ खाली साधी नोटीस द्यावी. नोटीस मिळाल्यापासून दहा दिवसांत कागद कधी पाहता येतील ते कळवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. नोटिशीला दाद न देणाऱ्याला तो कागद पुढे स्वतःच्या बाजूने पुराव्यात वापरायचा झाल्यास आधी न्यायालयाला सबळ कारण पटवून द्यावे लागते. हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि सर्वांत कमी वापरला जातो. आपल्या पतीच्या शपथपत्रात "व्यवसायासाठी घेतलेले कर्ज" असा शब्दप्रयोग असेल, तर त्या कर्जाच्या कागदांसाठी नोटीस या आठवड्यातच जाऊ शकते.

आपल्या वकिलांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही. माणसाचा खोटेपणा उघड करायचा असेल, तर उलटतपासणीला पर्याय नाही. तिथे साक्षीदाराला विचार करायला दोन आठवडे मिळत नाहीत आणि उत्तर वकील लिहून देत नाही. प्रश्नावलीची उत्तरे मात्र वकिलाच्या कचेरीत बसून तयार होतात. म्हणून विश्वासार्हता, हेतू, वागणूक हे विषय प्रश्नावलीत आणू नयेत. नियम १ स्वतःच सांगतो की, वादविषयाशी संबंध नसलेला प्रश्न उलटतपासणीत चालला असता, तरी प्रश्नावलीत चालत नाही. खाते क्रमांक, तारखा, रकमा, मालकी अशा कोरड्या गोष्टी लेखी प्रश्नांनी आधी पक्क्या कराव्यात आणि उलटतपासणी त्या पायावर उभी करावी. अंतरिम पोटगीच्या टप्प्यावर तर उलटतपासणी बहुधा होतच नाही, निर्णय शपथपत्रांवर होतो. त्यामुळे "उलटतपासणीत बघू" याचा आपल्या बाबतीत अर्थ "अंतरिम हुकूम झाल्यावर बघू" असा होतो, आणि हे आपल्या वकिलांशी स्पष्टपणे बोलावे. एका पक्षाला न्यायालयाच्या हुकमाशिवाय एकाहून अधिक प्रश्नावली बजावता येत नसल्याने पहिल्याच प्रश्नावलीत सारे मोजूनमापून बसवावे. माझ्या मते पंधरा नेमके प्रश्न साठ पसरट प्रश्नांपेक्षा अधिक पदरात पाडतात.

प्रश्न : पत्नीच्या वकिलांनी मला ६२ प्रश्नांची प्रश्नावली दिली आहे. मी नोकरदार आहे. काही प्रश्न माझ्या आईवडिलांच्या शेतजमिनीविषयी आहेत, काही माझ्या एका महिला सहकाऱ्याविषयी आहेत. सगळ्यांना "माहीत नाही" असे उत्तर दिले तर चालेल का?

उत्तर : नाही. पण त्याआधी एक गोष्ट तपासावी : ही प्रश्नावली न्यायालयाच्या परवानगीने आली आहे, की वकिलांनी नोटीस म्हणून थेट पाठवली आहे? परवानगीचा हुकूम नसेल, तर आदेश ११ खाली उत्तर देण्याचे बंधन सुरूच होत नाही. रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाची न्यायालयाची नोंद, आणि अर्जाखालचा हुकूम स्वतः पाहावा.

परवानगी असेल, तर दिवस मोजायला लागावे. प्रश्न अवाजवी, त्रासदायक, पाल्हाळिक किंवा अब्रूला धक्का लावणारे असतील, तर प्रश्नावली मिळाल्यापासून सात दिवसांत ते रद्द करून मागता येतात. उत्तराचे शपथपत्र दहा दिवसांत, किंवा न्यायालय देईल त्या मुदतीत, द्यावे लागते. एखाद्या प्रश्नाला उत्तर न देण्याचे कारण त्या शपथपत्रातच लिहिता येते : प्रश्न वादाशी संबंधित नाही, या टप्प्यावर आवश्यक नाही, प्रामाणिक हेतूने विचारलेला नाही, किंवा वकील आणि अशील यांच्यातील गोपनीय संवादाबद्दल आहे. एकही प्रश्न मौनाने सोडू नये. हरकत असेल तर हरकत लिहावी.

आईवडिलांच्या जमिनीबद्दलच्या प्रश्नांची विभागणी करावी लागेल. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली आणि त्यांच्या नावावर असेल, तर तिचे बाजारमूल्य हा आपल्याला विचारण्याचा प्रश्न नव्हे. ती वडिलोपार्जित असेल आणि सातबाऱ्यावर आपलेही नाव असेल, तर आपला हिस्सा आणि त्यातून मिळणारे उत्पन्न सांगावेच लागेल. सातबारा ऑनलाइन कोणालाही पाहता येतो, हे लपवाछपवीचा विचार करणारे पुष्कळदा विसरतात. सहकाऱ्याविषयीचे प्रश्न पत्नीच्या अर्जात तसा आरोप आहे की नाही यावर अवलंबून आहेत. आरोपच नसेल, तर ते निव्वळ बदनामीकारक म्हणून वगळून मागावेत.

"माहीत नाही" हे उत्तर फक्त तिथेच द्यावे, जिथे ते खरे आहे आणि सहज चौकशी करूनही माहिती मिळण्याजोगी नाही. आपल्याच पगारपत्रकावरील भविष्यनिर्वाह निधीच्या कपातीबद्दल "माहीत नाही" म्हणणाऱ्याचे पुढे कशावरच कोणी विश्वासाने ऐकत नाही. अपुऱ्या उत्तरासाठी नियम ११ आहे : न्यायालय पुन्हा उत्तर द्यायला लावते, प्रसंगी समोर उभे करून तोंडी. हुकूम होऊनही उत्तर दिले नाही, तर नियम २१ प्रमाणे प्रतिवादीचा बचाव काढून टाकता येतो आणि वादीचा दावा निकाली काढता येतो; असा दावा फेटाळला गेला की, त्याच कारणावर नवा दावा आणण्यास मनाई आहे. न्यायालये हे टोकाचे पाऊल सहजासहजी उचलत नाहीत, हट्टाने केलेली टाळाटाळ दिसावी लागते. शपथेवर खोटे लिहिल्यास मात्र वेगळीच आफत ओढवते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४० ची जागा आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ ने घेतली असून, त्याखाली खोट्या शपथपत्राबद्दल फौजदारी कारवाईची मागणी होऊ शकते.

आणखी एक सूचना. नियम २२ नुसार आपल्या उत्तरांतील सोयीचे तेवढेच उत्तर पत्नीला पुराव्यात वापरता येते, सगळी वापरावी लागत नाहीत. जोडून पाहणे आवश्यक वाटल्यास न्यायालय बाकीचीही पुराव्यात घ्यायला सांगू शकते, पण त्यावर विसंबून राहू नये. म्हणून प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचले तरी पूर्ण आणि खरे वाटेल असे लिहावे. "होय, खाते माझे आहे" एवढेच न लिहिता "होय, खाते माझ्या आणि आईच्या संयुक्त नावे असून, त्यात आईचे निवृत्तिवेतन जमा होते" असे एकाच उत्तरात लिहावे. आणि जे प्रश्न आपल्याला विचारले गेले, तेच पत्नीला विचारण्यासाठी परवानगी मागण्यास आपणही मोकळे आहात.

प्रश्न : पती दुसरीकडे राहतात. त्यांचा जुना लॅपटॉप घरी आहे आणि मला पासवर्डही माहीत आहे. त्यातून बँकेचे कागद काढून घेतले तर न्यायालय ते स्वीकारेल का? न्यायालयाकडे मागत बसण्यापेक्षा हे सोपे वाटते.

उत्तर : सोपे आहे, पण सुरक्षित नाही. कौटुंबिक न्यायालये कायदा, १९८४ च्या कलम १४ नुसार वाद समजून घ्यायला उपयोगी पडणारा कागद, एरवीच्या पुराव्याच्या नियमांत बसत नसला तरी, कौटुंबिक न्यायालय विचारात घेऊ शकते. पती-पत्नीतील गुपचूप ध्वनिमुद्रित केलेले दूरध्वनी संभाषण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी म्हटले आहे. तेव्हा कागद स्वीकारला जाण्याची शक्यता आहे. परंतु पुरावा स्वीकारला जाणे आणि तो मिळवण्याची रीत निर्दोष ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय शिरून माहिती उतरवून घेणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येऊ शकते, आणि कलम ६६ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. घटस्फोटाच्या भांडणात समोरच्याच्या हाती फौजदारी तक्रार देण्याइतका तो कागद मोलाचा असतो का?

माझा सल्ला असा : लॅपटॉप उघडू नये, काही पुसूही नये, तो होता तसा ठेवावा. एकत्र राहत असताना घरच्या पत्त्यावर आलेली पत्रे, विम्याच्या पावत्या, संयुक्त खात्याचे उतारे, मुलांच्या शाळेची फी कोणत्या खात्यातून गेली त्याच्या पावत्या, हे सारे आपल्याकडे राजरोस आहे. त्यांवरून खात्यांची नावे मिळतात, आणि नावे मिळाली की नियम १४ चा अर्ज नेमका होतो. आपल्याच फोनमधील संदेश दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीबद्दलचे प्रमाणपत्र जोडावे लागते, तेवढे विसरू नये.

प्रश्न : पतीने नोकरी सोडल्याचे सांगितले आहे, पण माझा त्यावर विश्वास नाही. त्यांची कंपनी दाव्यात पक्षकार नाही. कंपनीला प्रश्नावली पाठवता येईल का?

उत्तर : नाही, प्रश्नावली फक्त पक्षकाराला बजावता येते. त्रयस्थाकडून कागद हवे असतील, तर आदेश १६ खाली कागद हजर करण्याचे समन्स मागावे. असे समन्स मिळालेल्याने स्वतः न येता कागद पाठवले तरी चालते. नेमणूकपत्र, शेवटची तीन वर्षे धरून फॉर्म १६ (पगार आणि त्यातून कापलेला कर दाखवणारे मालकाचे प्रमाणपत्र), राजीनामा आणि तो स्वीकारल्याचे पत्र, अंतिम हिशेब, इतके मागावे. बँकेकडून उतारे हवे असतील तरी न्यायालयाचाच हुकूम लागतो, कारण बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायदा, १८९१ नुसार बँक पक्षकार नसलेल्या दाव्यात बँकेच्या अधिकाऱ्यावर वह्या हजर करण्याची सक्ती न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय करता येत नाही. मात्र आधी पतीलाच प्रश्नावलीतून "शेवटचा पगार कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात जमा झाला?" एवढे विचारून घ्यावे. ते उत्तर शपथेवर हाती आले की, समन्सचा अर्ज नाकारला जाण्याचे कारण उरत नाही, आणि उत्तर व कागद यांत तफावत निघाली तर ती आपल्याच उपयोगाची आहे.

प्रश्न : आम्ही परस्पर संमतीने घटस्फोट घेत आहोत. तरीही अशी प्रश्नावली द्यावी का?

उत्तर : हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खालच्या अर्जात दोन्ही पक्ष एकाच बाजूला असतात, त्यामुळे आदेश ११ ची वेळ सहसा येत नाही. परंतु कायम पोटगीचा आकडा ठरवून संमतीच्या अटींवर सही करायची असेल, तर त्याआधी दोघांनी मालमत्ता आणि देणी यांची शपथपत्रे, तीन वर्षांची विवरणपत्रे आणि सर्व खात्यांचे उतारे एकमेकांना द्यावेत, आणि दिलेली माहिती पूर्ण असल्याचे एक कलम अटींमध्येच घालावे. हुकूमनामा झाल्यावर "मला तेव्हा माहीत नव्हते" असे म्हणत तो उघडून मागणे फार अवघड जाते. हे कागद द्यायला समोरची व्यक्ती तयार नसेल, तर सहीची घाई करू नये. पहिल्या आणि दुसऱ्या अर्जामध्ये कायद्याने ठेवलेला सहा महिन्यांचा काळ अशाच कामासाठी वापरता येतो.